गोव्यातल्या साखळीच्या माजी सैनिकांचं एक वर्ष : हयातीचा दाखला, मैदान आणि बाकीची कामं

वर्षाची आखणी करतानाच आम्ही ठरवलं होतं, मंडप दोनदाच घालायचा. एकदा २६ जुलैला कारगिल विजय दिनी आणि एकदा १४ जानेवारीला माजी सैनिक दिनी. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून तो दिवस. बाकीचे पैसे आणि वेळ साखळी, पाळी, न्हावेली, मोर्ले, केरी इथल्या वाड्यांवर घरोघरी जाण्यात घालवायचे. कुठलाही छोटा गट असं काम उभारू शकतो, म्हणून तपशील लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठं काम नोव्हेंबरातलं, हयातीच्या दाखल्याचं, म्हणजे पेन्शनधारक जिवंत असल्याच्या दाखल्याचं. ऐंशी वर्षांवरच्यांचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच घेतात, त्यामुळे त्यांची घरं आधी उरकायची. चवथ (गणेश चतुर्थी) संपली की यादी काढायला बसायचं. पूर्वी बोटाच्या ठशाच्या यंत्रावर सगळं अडायचं. जन्मभर शेतात आणि काजूच्या बागेत राबलेल्या बायकांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. चारदा-पाचदा अंगठा दाबूनही यंत्र नकार देतं आणि आजींना वाटतं चूक आपलीच. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला काढता येतो, तेव्हापासून आम्ही तेच करतो.

अँड्रॉइड फोनवर दोन ॲप लागतात, ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’. फोन ज्याचा, त्या कार्यकर्त्याने आधी स्वतःचा आधार क्रमांक, मोबाइल आणि ईमेल घालून, ओटीपी देऊन, स्वतःचा चेहरा एकदा नोंदवायचा. हे घरूनच करून निघावं, केरीच्या पुढे रेंजचा भरवसा नाही. मग पेन्शनधारकाचा आधार, मोबाइल, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक आणि खाते क्रमांक भरून त्यांचा चेहरा घ्यायचा. आजींना खिडकीकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा येतो आणि ॲप घेत नाही. त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवावं, चष्मा काढायला सांगावा, फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा आणि सांगावं, ‘काकी, आता डोळे मिटून उघडा.’ पापणी हलली की फोटो घेतला जातो. बहुतेकांचं एका मिनिटात होतं.

दाखले नाकारले जातात ते बहुतेक पुढच्या कारणांनी. स्पर्शवर, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेवर, गेलेल्यांनी जुन्या पीपीओचा तिरप्या रेघांचा क्रमांक न घालता स्पर्शचा बारा आकडी क्रमांक घालायचा. भूदलातल्यांनी मंजुरी देणारे म्हणून ‘डिफेन्स - पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि वाटप करणारे म्हणून ‘स्पर्श - पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं. पूर्वी पेन्शन बँकेतून यायची, त्या सवयीने पुष्कळजण बँकेचं नाव निवडतात आणि दाखला भलतीकडे जातो. तिसरी चूक सर्वात वाईट. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जात ‘पुनर्विवाह झाला आहे का’ असा प्रश्न असतो. घाईत तिथे ‘हो’ दाबलं गेलं तर त्या बाईची पेन्शन धोक्यात येते. म्हणून ते पान आम्ही मोठ्याने वाचून दाखवतो आणि मगच पुढे जातो. शिवाय, दाखल्याच्या ‘प्रमाण’ क्रमांकाचा मेसेज आला म्हणजे काम झालं असं नाही. तो दाखला तयार झाल्याचा मेसेज असतो, स्वीकारल्याचा नाही. आठ-दहा दिवसांनी स्पर्शवर लॉगिन करून स्वीकारल्याची नोंद बघायची, नाकारला असेल तर चूक सुधारून पुन्हा काढायचा. आमच्या वहीत ‘काढला’ आणि ‘स्वीकारला’ असे दोन वेगळे रकाने आहेत. पासवर्ड मात्र वहीत लिहायचा नाही, तो घरच्यांकडेच राहू द्यायचा.

हेच काम करताना नावाचा घोळ वर आला, आणि माझ्या मते वर्षभरातली सगळ्यात मोलाची कामगिरी तीच. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. गोव्यात विवाह नोंदणीत तिचं माहेरचं नाव असतं, नवऱ्याने पलटणीत कळवलेलं नाव सासरचं आणि आधारवर घरात हाक मारतात ते. तिन्ही नावं एकाच बाईची, पण कागदाच्या लेखी त्या तीन बायका. नवरा हयात असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर कुटुंब पेन्शन अडते आणि दुःखात बुडालेल्या बाईला मामलेदार कचेरी, नोटरी, रेकॉर्ड ऑफिस (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) अशा फेऱ्या पडतात. म्हणून आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. जो सैनिक हयात आहे त्याचं डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक), पीपीओ, दोघांची आधार कार्डं आणि विवाहाचा दाखला एका टेबलावर पसरायचा आणि पत्नीचं नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघायची. फरक दिसला की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि सैनिकाच्या सहीचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, नौसैनिकांचं मुंबईला. प्रतिज्ञापत्राचा मसुदा आधी त्यांच्याकडून लेखी मागवून घ्यावा. नाहीतर स्टँप पेपरचा खर्च दोनदा होतो, आमचा झाला. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पावती डिस्चार्ज बुकाला टाचून ठेवायची.

पेन्शन नसलेल्यांना तर शोधून काढावं लागतं. पंधरा वर्षं भरण्याआधी घरी आलेल्या जवानाला सेवा पेन्शन मिळत नाही. मग तो किंवा त्याची बायको स्वतःला माजी सैनिकांत धरतच नाहीत, बैठकीला येत नाहीत. ही माणसं माझ्या मनाला फार लागतात. पासष्टीच्या पुढच्या अशा माजी सैनिकांना आणि विधवांना, नियमित उत्पन्न नसेल तर, केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते ४,००० रुपयांवरून ८,००० झालं. मुलांच्या शिक्षणाचं अनुदानही तेव्हाच महिना १,००० वरून २,००० झालं, पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांना. अर्ज ऑनलाइन असतात. स्कॅन पुसट असला की अर्ज परत येतो, म्हणून डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान सपाट ठेवून, उजेडात, वेगळं स्कॅन करावं.

अग्निवीर भरतीचा सराव आम्ही दसऱ्यानंतर धरला. पावसात मैदान चिखलाचं असतं. ४०० मीटरचा ट्रॅक कुठून आणणार? फुटबॉलच्या मैदानावर ५० मीटरच्या टेपने १०० बाय ६० मीटरचा आयत आखला, चार कोपऱ्यांना बांबू रोवले. एक फेरी ३२० मीटर, पाच फेऱ्या म्हणजे भरतीत धावायचे बरोबर १६०० मीटर. ५ मिनिटं ३० सेकंदांत पोचलं तर ६० पैकी ६० गुण, म्हणजे प्रत्येक फेरी ६६ सेकंदांची. पोरं पहिली फेरी ५५ सेकंदांत मारतात आणि चौथीला कोसळतात. म्हणून एकाने शिटी घेऊन उभं राहायचं आणि दर फेरीला वेळ ओरडून सांगायची. बांबूच्या आतून वळलं की अंतर कमी भरतं आणि भरतीच्या दिवशी पोरगा फसतो, तेव्हा कोपऱ्यावर माणूस हवाच. पुल-अप्स दहा काढले तर ४० गुण, सहा काढले तर १६. हात पूर्ण सरळ झाल्याशिवाय आम्ही मोजत नाही. नऊ फुटी खड्ड्याच्या उडीसाठी पलीकडे वाळू टाकावी, जांभ्याच्या कडक जमिनीवर घोटे जातात. धावण्याआधी लेखी परीक्षा असते, त्यामुळे संध्याकाळी गणिताचा एक तास ठेवला. तो नसता तर नुसत्या धावण्याचा काही उपयोग नव्हता.

रक्तदान शिबिर मे महिन्यात घेतलं, कारण सुट्टीमुळे कॉलेजचे रक्तदाते तेव्हा मिळत नाहीत आणि रक्त कमी पडतं. वार बघून ठरवावा, सोमवारी उपवासाची माणसं फार आणि उपाशी पोटी रक्त घेत नाहीत. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुष्कळ बायका हिमोग्लोबिनला अडकून परत गेल्या. त्यांना नुसतं परत न पाठवता डॉक्टरांकडे जायला चिठ्ठी दिली.

झाडं पहिल्या पावसानंतर लावली, भिरंड (कोकम) आणि जांभूळ. जांभ्यात दोन फुटी खड्डा खणायला पहार लागते, कुदळीने भागत नाही. कुंपण नसेल तर मोकाट गुरं आठवड्यात साफ करतात. डिसेंबर ते मे पाणी कोण घालणार त्याचं नाव लावतानाच लिहून घ्यावं.

७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचे डबे दोघांनी मिळून उघडले, नोटा-नाणी वेगळी मोजून दोन सह्या घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी भरणा केला. वहीत आता सात घरांच्या नावाच्या दुरुस्त्या रेकॉर्ड ऑफिसकडून यायच्या आहेत. त्यांची आठवणीची पत्रं येत्या सोमवारी टाकायची आहेत.