सुया परवडल्या, पण त्या पुड्या!

आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांच्या, जोडीला अ‍ॅक्युपंक्चर केलं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "दुखतं का गं?" नाही दुखत. पोटात घ्यायच्या इंजेक्शनांपुढे त्या सुया केसासारख्या. टोचल्यावर आत जडशी कळ येते, तिला 'द-ची' म्हणतात. मग अर्धा तास पडून राहायचं. मला तर चक्क डुलकी लागायची. सुया समोर सीलबंद पाकिटातून काढतात ना, एवढं मात्र दर वेळी बघा.

माझा राग आहे तो पुड्यांवर.

पहिल्या भेटीत अ‍ॅक्युपंक्चरच्या सरांनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली आणि निदान झालं: 'किडनी कमजोर'. मी घाबरून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून आले! चिनी वैद्यकात मूल होण्याची मदार 'किडनी'वर मानतात, तिचा आपल्या रिपोर्टशी संबंध नाही, हे नंतर कळलं. सोबत तपकिरी पावडरीच्या पुड्या मिळाल्या. घटक कुठेच नाहीत, पेनाने नुसतं 'सकाळ' आणि 'रात्र'.

सायकल, म्हणजे उपचारांची एक फेरी, सुरू करण्याआधी आयव्हीएफच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेताय?" मी पुडी पुढे केली. त्यांनी उघडली, हुंगली, परत सरकवली. "सुया चालतील. यात काय आहे ते लिहून आणा, तोवर इंजेक्शनं नाहीत."

एका कागदाचं काम. पहिल्या फोनवर रिसेप्शनची मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळं नैसर्गिक आहे." दुसऱ्यांदा सर पेशंट बघत होते. तिसऱ्यांदा कळलं की फॉर्म्युला त्यांचा आहे, बाहेर देत नाहीत. पोटात जातंय माझ्या आणि गुपित त्यांचं! तेवढ्यात पाळी आली, दुसऱ्या दिवसाची सोनोग्राफी झाली, यादी नव्हती. सायकल पुढच्या महिन्यावर. सदतिसाव्या वर्षी महिना काय असतो ते ज्याचं त्याला माहीत.

त्या महिन्यात मी वाचत बसले. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून अ‍ॅरिस्टोलोकिया गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. नैसर्गिकच होती तीही.

शेवटी जाऊन सरांच्या क्लिनिकमधल्या बाकावर ठाण मांडलं. दीड तासाने चिठ्ठी आली: सहा नावं, प्रमाण एकाचंही नाही. डॉक्टरांनी 'दांग ग्वे' या चिनी वनस्पतीखाली रेघ मारली. रक्त पातळ करायच्या औषधांबरोबर ती नको म्हणाले. पुड्या त्या दिवशीच बंद. तेव्हा पहिल्याच भेटीत, पैसे भरायच्या आधी, घटकांची छापील यादी मागा. कां-कूं केलं तर सुया घ्या, पुड्या तिथेच ठेवा.

सुयांनी गुण येतो का? २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ८४८ आयव्हीएफवाल्या बायकांवरचा अभ्यास आला. खऱ्या सुया घेतलेल्यांत १८.३ टक्क्यांना मूल झालं, तुलनेसाठी खोट्या, नावापुरत्या सुया घेतलेल्यांत १७.८. म्हणजे फरक नाहीच. तरी मी ट्रान्सफरपर्यंत, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत, जात राहिले. त्या अर्ध्या तासात मला कोणी "काही बातमी?" विचारत नव्हतं.

आणि हो, ट्रान्सफरनंतर सुया घेणार असाल तर तारीख आधी सांगा. घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वर एक बिंदू आहे, तो गरोदरपणात टाळायची अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचीच रीत आहे. मला कोणी विचारलं नव्हतं, मीच पाय मागे घेतला.