टांगलेला टॉवेल

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून परवा परत आलो. वाळूजच्या प्लान्टसाठी कंपनीने मशीन घेतलंय, त्याच्या ट्रायलला नऊ रात्री तिकडं होतो. रस्ते कसे, शिस्त कशी, हे तुम्ही शंभर वेळा वाचलेलं आहे, ते सोडून देतो. मला टॉवेलचं सांगायचंय, पण त्याच्या आधी पाण्याचं सांगावं लागेल.

हॉटेल चेनचं, मधल्या बजेटचं, नाव घेत नाही. रूम स्वच्छ, कार्ड खाचेत घातलं की लाईट, खिडकी वरून चार बोटं तिरकी होते तेवढीच. रविवारी संध्याकाळी पोचलो म्हणजे दुकानं बंद, आणि रूममध्ये प्यायचं पाणी नाही. खाली विचारलं तर रिसेप्शनवरची पोरगी म्हणली बाथरूमच्या नळाचं प्या. मला वाटलं चेष्टा करायलीय. कमोडच्या शेजारच्या नळाचं पाणी प्यायचं? मग तीन युरो मोजून बाटली घेतली, वर येऊन उघडली तर फस्सकन आवाज, गॅसवालं पाणी, चूळ भरायच्या कामाचं नाही. रात्री अकराला शेवटी नळालाच ओंजळ लावली. गार, कसला वास नाही. ती तीन युरोची बाटली मोकळी करून नळाला धरली आणि पुढं नऊ दिवस तीच वापरली. (रिकामी बाटली दुकानात दिली की 25 सेंट परत मिळतात, तरी दिली नाही.)

दुसऱ्या दिवशी तिथल्या इंजिनिअरला हे सांगितलं तर त्याची मान जरा ताठ झाली. म्हणला स्टुटगार्टला बोडनझे तलावाचं पाणी येतं, तिथं डोंगरावर तीनशे मीटर चढवतात आणि मग दीडशेएक किलोमीटर पाइपातून, 1958 पासून. मी कशाला मागं राहतो, म्हणलं आमच्या लातूरला पाणी रेल्वेनं आलंय, एप्रिल 2016, मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरनं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्याने डोळे मोठे केले, 'ग्रेट लॉजिस्टिक्स' म्हणला. मग विचारलं, आता पाइप टाकला असेल ना? उजनीच्या पाण्याचं किती निवडणुकांपासून ऐकतोय ते त्याला कुठं सांगत बसू. चहा घेऊ म्हणलं.

तर टॉवेल. बाथरूममध्ये हिरवं पान छापलेलं कार्ड: पृथ्वी वाचवा, टॉवेल परत वापरणार असाल तर टांगून ठेवा, धुवायचा असेल तर खाली टाका. वाचून आधी डोकंच फिरलं. पाणी वाचवायचं हे आम्हाला सांगता? त्या उन्हाळ्यात आमची माय मोठ्या परातीत बसून आंघोळ करायची, परातीतल्या पाण्यात धुणं, धुण्याचं पाणी संडासात. लातूरला टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, 144 कलम, पाण्यासाठी! आणि तुमचं पान मला शिकवणार. पण राग गिळला आणि नीट घडी मोडून टॉवेल टांगला. संध्याकाळी येऊन बघतो तर दोन नवे कोरे टॉवेल. दुसऱ्या दिवशी दारामागच्या हुकाला टांगला. नवे. तिसऱ्या दिवशी सरळ कपाटात माझ्या शर्टांमागं लपवला, तर तो तिथंच आणि रॅकवर आणखी दोन. खाली जाऊन तक्रार केली. मला नवा टॉवेल नको ही तक्रार त्या पोरीने बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी, दोनदा 'सॉरी' म्हणून तिने मला वर आणखी एक दिला.

आता खरं सांगायचं तर चौथ्या दिवसापासून मी पण अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभा राहायला लागलो. बादली नाही, मग्गा नाही, मोजायचं कशात? शिवाय बोडनझे कुठं आटणार आहे, आणि नऊ दिवसांत मी असं किती वापरणार, आमच्याकडं बारमाही पाणी पिणाऱ्या उसाला कोण विचारतं. मायला व्हिडिओ कॉलवर नळ सोडून दाखवला तर ती म्हणली, "बंद कर की रे, नुसतं काय सोडलालास." बंद केला. मग तिने टॉवेलची थप्पी बघितली आणि दोन घेऊन ये म्हणली, ते जमलं नाही.

निघायच्या सकाळी सवयीने बाटली काठोकाठ भरून घेतली. विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने बॅगेतून काढली, पलीकडच्या डब्यात ओतून या म्हणला. मागं मोठी लाईन. मी डब्यापर्यंत गेलो, झाकण काढलं, आणि ओतवेचना. तिथंच उभ्याने सगळी लिटरभर बाटली गटागटा पिलो, मधी एकदा ठसका लागला. परत आलो तेव्हा तो माझा बेल्ट हातात धरून थांबला होता.