बाईसाहेबांची पसंती

मयूर कोळी जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा. ऑस्ट्रेलियात एवढी वर्षं काढून मला तो कधी दिसला नव्हता, आणि समोर आला असता तरी चपलेखाली गेला असता. युर्गन ओटो या शास्त्रज्ञाचा 2005 साली सिडनीजवळच्या कु-रिंग-गाय चेसच्या जंगलात असाच एकावर पाय पडता पडता राहिला. पुढे त्याने या कोळ्यांच्या नाचाचे व्हिडिओ काढून जगाला वेड लावलं.

मी मात्र तो पाहिला थेट भिंतीएवढा, मारिया फर्नांडा कार्दोसोच्या छायाचित्रांच्या प्रदर्शनात. मूळची कोलंबियाची ही बाई चिमुकल्या जिवांच्या नादी लागलेली; नव्वदच्या दशकात तिने चक्क पिसवांची सर्कस चालवली होती! इथे तिने फोकस केसभर सरकवत काढलेले ढीगभर फोटो जोडून एकेक कोळी उभा केलाय. पोटावरचा निळा म्हणजे सलग रंग नव्हेच, सुटे सुटे खवले आहेत. पोटाचा पिसाऱ्यासारखा पंखा होतो, त्याच्या कडेला बारीक केसांची झालर. मधला काळा तर विलक्षणच. त्याच्या पृष्ठभागावरचे अतिसूक्ष्म उंचवटे जवळजवळ सगळा प्रकाश गिळून टाकतात, म्हणून शेजारचा रंग पेटल्यासारखा दिसतो.

आई सोबत होती. बराच वेळ बघून म्हणाली, "अगं, पण याची बायको कुठंय?"

आमच्या समोरच्या भिंतीवर तरी नव्हती. ती बिचारी मातकट, ठिपक्याठिपक्यांची; फ्रेम करून लावावी असं तिच्यात काही नाही. पण हा सगळा थाट तिच्यासाठी. नर पोटाचा पंखा उभारतो, तिसऱ्या जोडीचे पाय हवेत नाचवतो, जमिनीतून तिच्यापर्यंत कंपनं धाडतो. हे कोळी जाळं विणून शिकार करत नाहीत, सगळी भिस्त नजरेवर, तेव्हा बाईसाहेब निरखून बघतात. पसंत पडलं तर ठीक. नाही पडलं तर कधी कधी कलावंतालाच खाऊन टाकतात. (आपल्याकडे नाटक पडलं तर प्रेक्षक फार तर मध्यंतराला उठून जातात.) पिढ्यान्पिढ्या तिने असं पारखून घेतलं, म्हणून हे रंग इथवर आले. भिंतीवर नाव मात्र त्याचं.

"आपल्याकडे नाहीत का गं असले?"

इतके नटवे नाहीत, पण याच उड्या मारणाऱ्या कुळातली एक नवी जात ठाण्याकडे सापडली. 2021 साली तिला शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ 'आयसियस तुकारामी' नाव दिलं. हे ऐकून आई जरा थांबली, मग पुढच्या फोटोकडे गेली.

यांच्या नाचाचा हंगाम वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. आईचा व्हिसा नोव्हेंबरपर्यंत आहे, तेव्हा कु-रिंग-गायला जायचं ठरलंय. नराचं तिला फारसं काही नाही. "त्याला काय, बघितला की इथे," म्हणते. "ती कशी बघते, ते बघू."