टोळी निघायच्या आधी

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्राचं गाव रिकामं व्हायला लागतं. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. मी इथे समुदाय आरोग्य अधिकारी. त्या दिवशी ज्याचं प्रकरण हातात होतं तो क्षयरुग्ण ऊसतोडीला निघाला होता. वजन ४१ किलो, चार औषधं एकत्र असलेल्या तीन गोळ्या रोज, उपचाराचा दुसरा महिना. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर अशा रुग्णाची बदली, म्हणजे त्याचा उपचार दुसऱ्या तालुक्याकडे सोपवणं, पटकन होते. तो यादीतून गेला की तिकडे पोहोचला का, हे बैठकीत कुणी विचारत नाही. याचा मला संताप येतो.

म्हणून नवरा-बायको दोघांनाही समोर बसवलं. आशाताई, सिस्टर आणि तालुक्याचे क्षयरोग पर्यवेक्षक होतेच. पर्यवेक्षक तो जाणार त्या तालुक्याचं नाव भरत होते, तेवढ्यात बायको म्हणाली, "सर, तिकडं नाही जायचं आता. मुकादमानं कारखाना बदललाय." आम्हा सगळ्यांच्या नोंदीत जुनाच कारखाना होता.

सिस्टरनी विचारलं, "दादा, फडात गोळ्या कधी घेणार?"

"पहाटं उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं. मग मोळी उचलवत नाही. गाडी भरायला तर रात्री-बेरात्री बोलावतात. दुपारची भाकर तेवढी ठरलेली."

त्या चारपैकी रिफाम्पिसिन हे औषध उपाशीपोटी चांगलं लागू पडतं हे खरं, पण डोस चुकण्यापेक्षा थोडं खाऊन घेतलेला बरा. डॉक्टरांना फोनवर विचारलं, त्यांनी होकार दिला. भाकरीच्या फडक्यातच त्या दिवसाच्या गोळ्या बांधायच्या, हे बायकोनं ठरवलं. आमच्या कुणाच्या डोक्यात ते आलं नसतं. मग नव्या तालुक्यातल्या पर्यवेक्षकांना फोन लावला आणि तो रुग्णाच्याच हातात दिला. कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, कुठे पडणार, हे त्याच्याइतकं नेमकं कोण सांगणार?

उठता उठता बायकोनं विचारलं, "मॅडम, लेकराच्या गोळ्यांचं काय?"

मुलगा तीन वर्षांचा. घरात क्षय म्हणून, त्यालाही तो होऊ नये यासाठी, सहा महिने द्यायचं आयसोनियाझिड हे औषध त्याला चालू होतं. बापाच्या बदलीच्या कागदात त्याचा उल्लेखच नव्हता. सिस्टरनी पुरेशा गोळ्या बांधून दिल्या. पण हा डोस वजनावर ठरतो, आणि लेकराचं वजन वाढत राहतं. गावात अंगणवाडीत काटा आहे. गावाबाहेरच्या कोपीवर त्याचं वजन कोण करणार?

तिकडच्या आशाताईंना मी मुलाचं वेगळं कळवलं आहे. त्यांचा निरोप अजून आलेला नाही.