ऐकू येणाऱ्या मालिका

आमच्या घरातला टीव्ही हॉलमध्ये आहे आणि त्याची सगळ्यात निष्ठावंत प्रेक्षक, म्हणजे मी, संध्याकाळी सात ते नऊ स्वयंपाकघरात असते. मधे एक भिंत, एक फ्रीज आणि कुकरच्या शिट्ट्या. तरी मालिकेतलं काही माझ्या नजरेतून, म्हणजे कानातून, सुटत नाही. कोणाचं मंगळसूत्र कोणी लपवलं, मृत्युपत्रावरची सही खरी की खोटी, मोठ्या जाऊबाईंना चक्कर कशानं आली, सगळं मला पोळ्या लाटता लाटता कळतं.

यात हुशारी माझी नाही, मालिका लिहिणाऱ्यांची आहे. आपली प्रेक्षक पडद्याकडे बघत नाहीये, हे त्यांनी केव्हाच ओळखलंय. म्हणून रिकाम्या खोलीत उभी असलेली सून मोठ्यांदा म्हणते, "म्हणजे घराची कागदपत्रं नानांच्या कपाटात आहेत तर! आणि किल्ली काकूंच्या कमरेला!" शहाणं माणूस एकटं असताना असं बोलत नाही. (मी बोलते, पण ते 'हिंगाची डबी कुठे गेली' इतपतच.) जाहिराती संपल्या की आधीचं अर्धं वाक्य पुन्हा वाजतं, कारण मधल्या वेळात कोणी दूधवाल्याला दार उघडायला गेलेलं असतं, कोणी नुकतंच ऑफिसातून येऊन टेकलेलं असतं. तुम्ही कधीही या, गोष्ट तुमच्यासाठी थांबलेलीच असते.

ही युक्ती मुळात रेडिओची. नभोनाट्य ऐकून वाढलेल्यांना ती लगेच ओळखू येते. दाराची कडी वाजायची, बिजागरी करकरायची आणि वहिनी म्हणायच्या, "अगंबाई, भाऊजी तुम्ही! आणि केवढे भिजलात! ती ट्रंक ठेवा आधी खाली." झालं. दोन श्वासांत नातं कळलं, पाऊस कळला आणि पाहुणा मुक्कामाला आलाय हेही कळलं. घोडा हवा असेल तर नारळाच्या दोन करवंट्या, ढगांचा गडगडाट हवा असेल तर हलवायला एक पत्रा. जाणारा माणूस बोलत बोलत माइकपासून मागे सरकला की आम्हाला तो अंगण ओलांडताना दिसायचा. अंगणात तुळस होती की पेरू, ते ज्याचं त्यानं बघून घ्यायचं.

आणि ते आम्ही मन लावून बघितलं. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. त्यात टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि पंत म्हणजे बाळ कुडतरकर. माझ्या टेकाडे भावजींना भरघोस मिशा होत्या. लग्नानंतर कळलं की नवऱ्याच्या टेकाडे भावजींना टक्कल आहे आणि मिशांचा पत्ताच नाही. यावरून आमचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं. पुढे कधीतरी पेपरात खऱ्या जोशींचा फोटो आला तेव्हा दोघांचंही एकमत झालं, की हे गृहस्थ तोतये आहेत.

रेडिओच्या लेखकाकडे दाखवायला काही नव्हतं, म्हणून तो सांगायचा. मालिकेच्या लेखकाकडे झुंबरं आहेत, जिने आहेत, झोपतानाही न चुरगळणाऱ्या पैठण्या आहेत. तरी तो सांगतोच, आणि वर आपल्याला काय वाटायला हवं तेही सांगून ठेवतो. ते काम पार्श्वसंगीताचं. खलनायिकेची म्हणून एक ठरलेली धून असते. ती सुरू झाली की ओट्यापाशी माझ्या तोंडून "आली बया!" निघून जातं. तिनं अजून तोंडही उघडलेलं नसतं. खटला उभा राहायच्या आत माझा निकाल लागलेला असतो.

मागच्या पावसाळ्यात सासूबाई चुकून रिमोटवर बसल्या आणि टीव्हीचा आवाज गेला. मी नेमकी ताटं घेऊन बाहेर आले होते. पडद्यावर तीच बया. डावी भुवई वर, ओठ जरासे मुडपलेले. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर एकदा धावून गेला, मग दुसऱ्या बाजूनं, मग वरून. एरवी या तीन धडकांना तीन विजा कडाडतात. आता नुसता पंख्याचा आवाज. आणि खरं सांगते, घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही ते आठवणाऱ्या बाईसारखी ती दिसत होती. कारस्थान औषधालाही नाही! शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकानं एका नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या बशीला जोडून दाखवला, कधी शवपेटीला. बघणाऱ्यांना एकदा त्यात भूक दिसली, एकदा दुःख, आणि वर अभिनयाची वाहवा झाली म्हणतात. आपल्याकडे सूप आणि शवपेटीचा खर्च वाचवून सिंथेसायझरवर भागवतात, एवढंच.

मालिकांपुरतं हे चाललं असतं. त्यात कोणाचं काय जातंय? पण साडेनऊला घरातली पुरुषमंडळी बातम्या लावतात आणि तिथेही त्याच विजा कडाडत असतात. धरणातून पाणी सोडलं, धडाम. आमदार नाराज, धडाम. टोमॅटो महागले, धडाम. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून "सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे" हे ऐकत आमच्या पिढीनं वेण्या घालून घेतल्या. मंत्रिमंडळाचा निर्णय असो, अपघात असो की हवामान, त्या आवाजाची पट्टी हलायची नाही. यातलं मोठं काय, घाबरायचं कशाला, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. वडील पुराच्या बातमीला दाढीचा ब्रश थांबवायचे, आई बाजारभावाला. आता सगळ्यांनी एकदम, एकाच ठिकाणी दचकायचं असतं. मला हे अजिबात आवडत नाही. पण घरात याबाबतीत माझं कोणी ऐकत नाही.

प्रेक्षक मात्र वाटतो तितका आज्ञाधारक नाही. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, १५६ भागांची. मेक्सिकोत मालिकांमधून समाजशिक्षण देण्याचा प्रयोग झाला होता, तोच धडा इथे गिरवायचा होता. कुटुंबनियोजन, मुलींचं शिक्षण, बायकांचा मान, सगळं गोष्टीत मुरवून द्यायचं. तरीही चुकून कोणाला कळलं नाही तर काय, म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी खुद्द दादामुनी अशोककुमार यायचे आणि तात्पर्य समजावून सांगायचे. त्यातली भागवंती ही सोसत राहणारी आई. तिच्याकडे बघून बायकांनी म्हणावं, असं आपण नाही राहायचं, असा लिहिणाऱ्यांचा बेत. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर कितीतरी बायकांना भागवंतीच आदर्श वाटली होती. बाई असावी तर अशी! दादामुनींनी दर भागात समजावूनसुद्धा.

याचं मला नवल वाटत नाही, कारण आमच्या हॉलमध्ये चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई बसतात. त्यांना धूनही ऐकू येते, विजाही. तरी परवा त्यांनी जाहीर करून टाकलं, "मला विचारशील तर त्या बयेचं काही चुकलेलं नाही."

"अहो आई, काय बोलताय!"

"अगं, बावीस वर्षं त्या घरात राबली ती. आणि तिजोरीच्या किल्ल्या दिल्या कोणाला, तर काल आलेल्या सुनेला. कोणाचंही डोकं फिरेल."

"पण तिनं सुनेच्या दुधात विष कालवलं!"

"थोडंसंच कालवलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि प्यालं का कोणी? नाही ना? मग."