उत्तरार्धाशी उशिरा जमलेली मैत्री

रविवार, रात्री उशिरा

मिखाएल एंडे यांची ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ ही कादंबरी या आठवड्यात मी पुन्हा वाचायला घेतली आणि आता तेविसाव्या प्रकरणापाशी थांबले आहे. अकराव्या वर्षी ती पहिल्यांदा हाती आली, तेव्हा बाराव्या प्रकरणापर्यंतचा भाग मी दोन दिवसांत संपवला होता. पुढचा मात्र नाइलाजाने, उरलेली पाने मोजत वाचला होता. या वेळी नेमके उलटे झाले.

पूर्वार्धाने मला तेव्हा का झपाटले, हे सांगणे सोपे आहे. बास्टियान नावाचा एकटा, स्थूल, आईविना वाढणारा मुलगा दुकानातून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून ते वाचतो. त्या पुस्तकातल्या फांटास्टिका या राज्याला एक पोकळी गिळत चालली आहे आणि तिथल्या बालसम्राज्ञीला नवे नाव दिल्याशिवाय ते राज्य वाचणार नाही. हळूहळू बास्टियानच्या लक्षात येते की ते नाव आपल्यालाच द्यायचे आहे. वाचणाऱ्याची कुणी तरी वाट पाहत आहे, ही कल्पना अकरा वर्षांच्या मुलीसाठी केवढी मोठी होती! 1979 साली निघालेली मूळ जर्मन आवृत्ती तांबड्या आणि हिरव्या शाईत छापलेली होती आणि तिच्या 26 प्रकरणांची सुरुवात ओळीने ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतच्या अक्षरांनी होते, हे मला पुष्कळ नंतर कळले.

उत्तरार्धात बास्टियान स्वतः फांटास्टिकात पोहोचतो. त्याच्या गळ्यातल्या ऑरिन या पदकावर हवे ते करण्याची मुभा कोरलेली असते. तो देखणा होतो, बलवान होतो, आणि पुढे गर्वाने इतका आंधळा होतो की पूर्वार्धात फांटास्टिकाला वाचवायला निघालेल्या ज्या शूर मुलावर, आत्रेयूवर, मी जीव टाकला होता त्याच्यावरच तलवार चालवतो. ते पान वाचून मी रागाने पुस्तक मिटले होते, हे मला स्पष्ट आठवते. (1984 सालचा चित्रपटही साधारण पूर्वार्धापाशीच थांबतो, त्यामुळे कित्येकांना हा भाग ठाऊकच नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.)

मला तेव्हा दिसले नव्हते ते असे, की प्रत्येक इच्छा पुरी होताना बास्टियानच्या आधीच्या आयुष्यातली एक आठवण पुसली जाते आणि ती गेल्याचे त्याला कळतही नाही. देखणा झाल्यावर आपण पूर्वी कसे दिसत होतो हेच तो विसरतो. मग हरवले काय, हे त्याला सांगणार कोण? तेविसाव्या प्रकरणात, सगळ्या आठवणी खर्चून बसलेली माणसे अक्षरांचे फासे फेकत एका नगरात भटकताना दिसतात. त्यांनाही एके काळी सम्राट व्हायचे होते. हे प्रकरण मी आज दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा मला मध्येच थांबावे लागले.

पुढे काय आहे ते मला माहीत आहे. चित्रांच्या खाणीत, अभ्रकासारख्या पातळ थरांतून, अंधारात चाचपडत बास्टियान एक चित्र शोधून काढतो. त्यात बर्फाच्या ठोकळ्यात थिजलेला, पांढऱ्या झग्यातला एक माणूस असतो. ते आपले वडील आहेत हे त्याला आठवत नाही. तरीही त्या माणसाची ओढ त्याच्या मनात दाटून येते. सगळी स्मृती निघून गेल्यावरही जिव्हाळा शिल्लक राहतो, असे एंडे यांनी एकही उपदेशाचे वाक्य न लिहिता दाखवले आहे, आणि मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात याहून धीट प्रसंग मी वाचलेला नाही.

माझ्या या जुन्या प्रतीत पूर्वार्धातल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. ती मीच ओढलेली, अक्षरही समासात माझेच आहे: ‘हे लक्षात ठेव’. काय लक्षात ठेवायचे होते, ते आज ती ओळ कितीदा वाचूनही आठवत नाही. रेघ मी तशीच ठेवली आहे. चोविसावे प्रकरण उद्या वाचेन.