तुम्ही विचारलंत म्हणून: दातांच्या तारा निघाल्या, आता प्लेट कुठली?

"काका, तारा निघाल्या. आता रिटेनर कुठला घेऊ?" नात्यातली, गल्लीतली, कधी एसटीत शेजारी बसलेली माणसंही मला हे विचारतात, कारण मिरजेत माझी दातांची लॅब आहे. दात सरळ करणाऱ्या तारा काढल्यावर ते पुन्हा सरकू नयेत म्हणून जे घालायचं तो रिटेनर, आम्ही त्याला प्लेटही म्हणतो. मी डॉक्टर नाही, डेंटल मेकॅनिक आहे. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, आम्ही प्लास्टरचा साचा ओततो आणि त्यावर कवळ्या, कॅपा, प्लेटा करतो. तुमच्या तोंडात काय बसवायचं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण वीस वर्षांत या हातांनी खूप तार वळवली आहे आणि परत आलेले साचेही खूप पाहिले आहेत. त्यावरून जेवढं कळलं तेवढं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीची वरची प्लेट केली होती. तिचा साचा मी फळीवर जपून ठेवला होता. यंदा तिचंच नवं माप आलं, सोबत चिठ्ठी: जुनी बसत नाही. नवा साचा सुकल्यावर दोन्ही शेजारी ठेवले. पुढच्या दोन दातांमधली मिटलेली फट पुन्हा उघडली होती आणि उजवा सुळा किंचित फिरला होता. जुनी प्लेट नव्या साच्यावर टेकवली, तर एक बाजू बसली आणि दुसरी अधांतरी राहिली. त्या मुलीच्या चार उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढा, काढल्या होत्या, दोन वर्षं तिने तारा सोसल्या होत्या. असे साचे शेजारी ठेवताना मला दर वेळी वाईट वाटतं.

असं का होतं, हे आमच्याकडे काम देणाऱ्या एका डॉक्टर बाईंनी मला समजावलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, बारीक तंतूंनी बांधलेला असतो. तारांनी दात सरकतो, तेव्हा हे तंतू ताणले जातात. नॉर्वेच्या डॉ. रायटन यांनी कुत्र्यांचे दात फिरवून पाहिलं होतं. 1959 मध्ये त्यांनी लिहिलं की हाडाकडचे तंतू लवकर सावरतात, पण हिरडीतले काही तंतू 232 दिवस दात धरून ठेवल्यावरही ताणलेलेच होते. ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. वयाचा भाग वेगळाच. ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे पुढचे दात चाळिशीपर्यंत दाटायला लागतात.

आता प्रकार. टाळूला चिकटणारी ॲक्रिलिकची प्लेट आणि पुढच्या दातांवरून जाणारी एक तार, ही हॉली. अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स हॉली यांनी ती 1919 मध्ये मांडली, आणि शंभर वर्षांनंतरही माझ्या टेबलावर तीच रोज असते. 0.7 मिलिमीटरची स्टीलची तार घ्यायची, पुढच्या दातांच्या मध्यावरून सरळ न्यायची, दोन्ही सुळ्यांपाशी इंग्रजी यूसारखं वळण द्यायचं. दाढांना धरायला ॲडम्स क्लास्प, म्हणजे तारेचे चाप, वळवायचे. हे क्लास्प चांगले जमायला मला दोन वर्षं लागली. ते सैल असले तर प्लेट जिभेने हलते, आणि हलणारी प्लेट कोणी घालत नाही. मग प्लेट साच्याला चिकटू नये म्हणून सेपरेटिंग लिक्विड लावून ॲक्रिलिकची भुकटी थोडी थोडी टाकायची आणि वर ड्रॉपरने ॲक्रिलिकचं लिक्विड सोडत जायचं. त्या ॲक्रिलिकच्या लिक्विडचा उग्र वास घरी गेल्यावरही शर्टाला असतो. शेवटी घासून, प्युमिस नावाच्या दगडाच्या भुकटीने चकाकी आणायची.

हॉली मजबूत असते, वर्षानुवर्षं टिकते. त्या यूच्या वळणात डॉक्टर पक्कड लावून तार थोडी घट्टही करू शकतात. पहिले काही दिवस मात्र 'स' आणि 'ल' अडखळतात आणि लाळ सुटते. त्याला घाबरू नका, आठवडाभर मोठ्याने वाचा, जीभ शिकते. एक बारकावा सांगतो. हॉलीची तार सुळ्याच्या मागून दातांवरून पलीकडे जाते. उपदाढ काढलेल्या जागी ही तार फट उघडू शकते. म्हणून अशा तोंडांना पुष्कळ डॉक्टर बेग प्लेट सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बेग यांच्या नावाची ही प्लेट, तिची तार शेवटच्या दाढेला वळसा घालून मागून येते, चावण्याच्या आड कुठेच येत नाही.

पारदर्शक रिटेनर आज सगळ्यांना हवा असतो, आणि ते मला समजतं. पंधरा वर्षांच्या मुलीला शाळेत तार दाखवायची नसते. अमेरिकेतल्या डॉ. शेरिडन यांनी 1993 मध्ये तो एसिक्स नावाने पुढे आणला. प्लास्टिकची पातळ शीट तापवायची, ती मधोमध लोंबू लागली की साच्यावर ओढायची आणि मशीन हवा खेचून घेते. अर्ध्या तासात काम होतं. पण कापताना शेवटची दाढ झाकलेली हवी. ती बाहेर राहिली तर हळूहळू लांबते आणि चावणं बिघडतं. तुमचा रिटेनर हातात आल्यावर हे बघा. गरम पाण्याने धुऊ नका, त्याचा आकार जातो. तो घालून चहा किंवा सरबत पिऊ नका, गोड पाणी आत दाताला लागून राहतं. रात्री दात खाणाऱ्यांचा हा रिटेनर लवकर चिरतो.

चौथा प्रकार पक्क्या तारेचा: खालच्या पुढच्या सहा दातांच्या मागे पीळ दिलेली बारीक तार चिकटवतात. पुढच्या दातांत मोठी फट असेल किंवा दात खूप फिरलेला असेल, तर माझं मत याच बाजूला आहे, कारण ती घालायची आठवण ठेवावी लागत नाही. पण नेमकी तिथेच जिभेखालून लाळ येते आणि किटण सगळ्यात जास्त साठतं. छोट्या इंटरडेंटल ब्रशने रोज साफ करा आणि सहा महिन्यांनी दाखवा. एका दातावरचा चिकटवलेला भाग सुटला तर कळतही नाही, आणि तो एकच दात सरकतो.

किती दिवस घालायचं? पहिले काही महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर, मग रात्री. रात्रीचं कुठपर्यंत, असं विचाराल तर जोवर दात सरळ हवेत तोवर. हे तारा लावण्याआधीच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या पुतणीची प्लेट गेल्या मे महिन्यात लग्नात हरवली. जेवताना कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवली आणि पंगत उठल्यावर नॅपकिनसकट गेली. आम्ही कार्यालयाच्या मागे जाऊन उष्ट्यात शोधलं, नाही सापडली. घरी आल्यावर ती रडत होती. तिचा साचा माझ्याकडे होता, म्हणून रात्री अकराला लॅब उघडून शीट तापवली आणि पारदर्शक रिटेनर केला. सकाळी तिने घातला तेव्हा पुढच्या दातांवर दाब आला, पण बसला. एक आठवडा गेला असता तर कदाचित बसला नसता.

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: प्लेटबरोबर घट्ट झाकणाची डबी घ्या आणि डॉक्टरांकडून तुमचा साचा मागून घ्या. आमच्याकडे जागा नसते, बहुतेक साचे काही महिन्यांत फेकले जातात. पुतणीचा साचा आता तिच्याच कपाटात आहे, जुन्या ओढणीत गुंडाळून, बुटांच्या खोक्यात.